कंपाचें मूळ

आजच्या लेखाचा विषय आमच्या वाचकांस, व विशेषतः वाचकभगिनींस, प्रथमदर्शनीं परका वाटेल. जुन्या, उघड्या, दोनच माणसें बसावयाच्या इंग्रजी मोटारगाडीस भर वेगांत कांपरें भरत असेल, तर त्याचें कारण कसें शोधून काढावें, हा तो विषय होय. शब्दरूपें व समास शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला, अशा आमच्यासारख्या पेन्शनर मास्तरांनीं या भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या शोधांत पाने व हातोडा यांचें काम थोडें असून खरें काम अनुमानाचें आहे. आणि अनुमानाचे नियम पर्वतावरच्या धुराला एक व मोटारीला दुसरे, असे कांहीं नाहींत.

आमचा एक भाचा नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडांत रेडिंग शहरीं पुष्कळ वर्षें राहतो. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही दोन महिने त्याच्या बिऱ्हाडीं होतों. मनुष्य कर्तबगार, संसार नेटका. पण एक छंद जडला आहे. चार वर्षांपूर्वीं त्यानें १९७२ सालची एक एम्. जी. बी. गाडी विकत घेतली. ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवीं तयार होत असे. पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्यावर १९८० सालीं तो कारखाना बंद झाला. गाडी ठेंगणी, लांबट नाकाची, वर कापडी छप्पर, आणि चाकें सायकलीसारखीं तारांचीं. हीं चाकें चार-पांच नटांनीं आवळलेलीं नसतात. तुंब्याच्या आंतल्या बाजूस दांते असतात, ते आंसाच्या टोंकावरील दांत्यांत बसतात, आणि बाहेरून दोन कानांचा एकच मोठा नट तांब्याच्या हातोड्यानें ठोकून घट्ट करतात.

दुखणें असें होतें. ताशीं ५५ मैलांपर्यंत गाडी गरीब गाईसारखी चाले. ५८ च्या पुढें स्टिअरिंग हातांत थरथरूं लागे. ६० ते ६५ च्या दरम्यान ही थरथर इतकी वाढे कीं, आरशांतलें मागचें दृश्य पुसट होऊन जाई. ६८ च्या पुढें ती पुन्हां थोडी उतरे. त्या देशांतील मोठ्या रस्त्यांवर कायद्याची मर्यादा ७० मैलांची आहे. म्हणजे ज्या वेगानें तेथें सारे जग चालतें, नेमक्या त्याच वेगाला या गाडीला हिंव भरे.

भाच्यानें उपाय कमी केले नव्हते. पुढचे दोन्ही टायर नवे घातले. चाकांचा तोल एका दुकानांत तीनदां करून घेतला. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर दुरुस्त करविले. शेवटीं एका गॅरेजवाल्यानें सांगितलें कीं, दोष इंजिनांत आहे, इंजिन उतरवून सबंध उकलावें लागेल. आणि त्याचा खर्च म्हणून जो आंकडा सांगितला तो ऐकून भाचेसुनेनें गाडीचें नांव काढूं दिलें नाहीं. मुलीला तर त्या गाडींत बसविणें तिनें आधींच बंद केलें होतें. भाचा एके सायंकाळीं आम्हांस म्हणाला, “मामा, विकून टाकतों आतां. एवढा पैसा ओतून गुण नाहीं.” आम्ही म्हणालों, “अरे, विकशील खरी, पण घेणाऱ्यालाही बायकामुलें असतीलच ना? त्याला काय सांगून विकशील?” त्यावर तो गप्प बसला.

या बोलण्यांत उगाच सात्त्विकपणा नव्हता. ४० वर्षांहून जुन्या व मूळ घडणींत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना दरसालच्या सरकारी तपासणीची सक्ती मे २०१८ पासून तेथें उरलेली नाहीं. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर पूर्वींप्रमाणेंच आहे. तपासणारा परका डोळा गेला, आणि सारा भार घरच्या डोळ्यावर आला. कंप हें नुसतें अस्वस्थ करणारें लक्षण आहे, कीं एखादें चाक निखळून पडण्याचें पूर्वरूप आहे, हें कळल्याशिवाय ती गाडी चालविणें किंवा दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें, दोन्ही सारखींच.

आमच्या वैद्यकांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति. त्यांतील उपशय म्हणजे अमुक केलें असतां दुखणें उतरतें कीं चढतें, यावरून रोगाची परीक्षा करणें. भाच्यानें केलें तें वरवर पाहतां उपशयासारखेंच दिसतें. टायर बदलला, फरक पडतो का पाहिलें. पण त्यांत एक मोठी उणीव होती. एकाच आठवड्यांत टायरही बदलले, तोलही केला, आणि त्याच आठवड्यांत सतत पाऊस पडल्यामुळें गाडी पन्नासाच्या पुढें नेलीच नाहीं. मग “थोडा गुण वाटतो” असा निष्कर्ष काढला. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, अशी ही काकतालीय चिकित्सा. आम्हीं भाच्याला इतकेंच सांगितलें कीं, यापुढें पंधरा दिवस एकही जिन्नस विकत घ्यावयाचा नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि वहींत लिहून ठेवावयाची. शाळेंतली सवय, दुसरें काय!

प्रथम गाडींत फिरणारे पदार्थ कोणते व ते किती वेगानें फिरतात, याचें त्रैराशिक मांडलें. गाडी सपाट जागीं उभी करून टायरवर खडूनें खूण केली, चाकाचा एक फेरा पुरा होईपर्यंत ती ढकलली, व जमिनीवरचें अंतर टेपनें मोजलें. तें १ मीटर ९१ सेंटिमीटर भरलें. ताशीं ६० मैल म्हणजे मिनिटास एक मैल, म्हणजेच १६०९ मीटर. भागाकार केला कीं, चाकाचे मिनिटास ८४२ फेरे, सेकंदास १४. दुसरा पदार्थ म्हणजे गिअरपेटीपासून मागच्या आंसापर्यंत शक्ति पोंचविणारा लांब दांडा. कारागीर त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. या गाडींत चाकाच्या एका फेऱ्यास दांड्याचे ३.९०९ फेरे होतात. म्हणजे ६० मैलांवर सेकंदास ५५. तिसरा पदार्थ इंजिन. चौथ्या गिअरमध्यें इंजिन व दांडा यांची गति एकच असल्यामुळें त्याचेही ५५. परंतु या गाडींत ओव्हरड्राइव्ह म्हणून एक जादा सोय आहे. ती लागू केली असतां दांड्याची गति तीच राहून इंजिनाची गति तिच्या ०.८२ पट होते. ५५ च्या जागीं ४५. या आंकड्याचा उपयोग पुढें होणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

आतां अन्वय व व्यतिरेक. जेथें कारण तेथें कार्य, हा अन्वय. जेथें कारण नाहीं तेथें कार्य नाहीं, हा व्यतिरेक. लोक पहिल्यावर संतुष्ट होतात आणि दुसरा पाहतच नाहींत. गॅरेजवाल्याचें अनुमान असें कीं, इंजिन जोरांत फिरतें तेव्हां कंप येतो, म्हणून कंप इंजिनाचा. पण गाडी वेगांत असली कीं इंजिन, दांडा व चाकें हीं सगळींच जोरांत फिरतात! तिघे संशयित नेहमीं एकत्रच हिंडत असतील तर चोरीच्या वेळीं अमका तेथें होता, या पुराव्याची किंमत काय? तिघांना एकमेकांपासून वेगळें करावयास पाहिजे.

एका रविवारीं भल्या पहाटे, रस्ता रिकामा असतां, भाच्यानें गाडी ६२ मैलांवर नेली. कांपरें सुरू झाल्यावर क्लच दाबून इंजिन मोकळें सोडलें. इंजिनाचा कांटा ३,४०० वरून हजाराच्या खालीं आला. गाडी आपल्या वेगानें पुढें जातच होती, आणि स्टिअरिंग होतें तसेंच थरथरत होतें. मग घरीं येऊन गाडी उभीच ठेवून इंजिन ३,४०० फेऱ्यांवर फिरविलें. पेल्यांतलें पाणी किंचित् शहारलें, यापलीकडे कांहीं नाहीं. अन्वयही तुटला, व्यतिरेकही तुटला. या कांपऱ्यापुरतें इंजिन निर्दोष ठरलें, आणि या एका परीक्षेनें हजारों पौंडांचा खर्च टळला. परीक्षेला लागलें तें दोन-अडीच मैलांचें पेट्रोल.

पुढची साक्ष मोबाइलनें दिली. त्या यंत्रांत हादरे मोजण्याची सोय असते. तो गाडीच्या तळावर घट्ट ठेवून पुन्हां ६० मैलांनीं गेल्यावर सेकंदास १४ च्या जवळ मोठें शिखर दिसलें. चौदा हा आंकडा कोणाचा, तें आपण वर पाहिलेंच आहे. शिवाय भाच्याच्या वहींत एक नोंद अशी होती कीं, एकाच वेगानें सरळ जात असतांही कंप दहा-बारा सेकंद वाढत जातो, मग तितकाच वेळ मंदावतो, आणि पुन्हां वाढतो. भाचेसून गाणें शिकलेली आहे. ती म्हणाली, “तंबोऱ्याची जोडी नीट जुळली नाहीं, म्हणजे अशीच आंदोलनें ऐकूं येतात.” हें तिचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें. दोन पुढचीं चाकें दिसावयास सारखीं असलीं तरी त्यांच्या घेरांत पांच-सहा मिलिमीटरांचा फरक असावयाचाच. त्यामुळें चोवीस-पंचवीस सेकंदांत एक चाक दुसऱ्याहून एका फेऱ्यानें पुढें जातें. दोघांचे जड भाग एकदम वर-खालीं होतील तेव्हां कंप दुणावतो. एक वर व दुसरा खालीं असेल तेव्हां ते एकमेकांस शमवितात. यावरून दोष एका चाकाचा नसून दोन्ही पुढच्या चाकांचा आहे, एवढें घरीं बसून कळलें.

याची खातरी करण्यासाठीं पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें घालावयाचें ठरलें. येथें जुन्या गाड्यांच्या मालकांस एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. दोन कानांच्या नटांच्या आट्या गाडीच्या दोन्ही बाजूंस सारख्या नसतात. डावीकडच्या नेहमींच्या व उजवीकडच्या उलट्या असतात. चालतांना नट सैल न व्हावा म्हणून ही योजना आहे. पूर्वीं कोणी दुरुस्ती करितांना दोन्ही बाजूंच्या आंसाच्या टोंकांची अदलाबदल केली असेल, तर तोच नट चालत्या गाडींत सैल होत जाईल.

चाकें काढण्यापूर्वीं आम्हीं भाच्याला ब्रेकवर पाय ठेवून बसविलें आणि उचललेलें एकेक चाक दोन्ही हातांनीं पुढें-मागें फिरवून पाहिलें. तीन चाकें मुकीं राहिलीं. मागचें उजवें चाक “टक्” म्हणालें. तें काढून पाहतों तों तुंब्याच्या आंतले दांते झिजून करवतीच्या दांत्यांसारखे अणकुचीदार झालेले! असे दांते एखाद्या दिवशीं साफ सोलून निघतात. मग त्या चाकाला इंजिनाची शक्तिही पोंचत नाहीं, आणि ब्रेकही लागत नाहीं, कारण ब्रेकचा ढोल आंसाच्या टोंकाशीं जोडलेला, चाकाशीं नव्हे. कंपाशीं या झिजेचा कांहींच संबंध नव्हता. पण ज्या गाडीस नवे टायर, तीन वेळां तोल व दुरुस्त शॉक ॲब्सॉर्बर इतके उपचार झाले, तिच्या या जागीं कोणी हात लावून पाहिलें नव्हतें. तें चाक भाच्यानें त्याच दिवशीं भंगारांत काढलें आणि जादा ठेवलेलें चाक त्या जागीं घातलें. आंसाच्या टोंकावरील दांते सुदैवानें शाबूत होते. ते झिजले असते तर नवें चाकही थोड्याच महिन्यांत खराब झालें असतें.

चाकांची अदलाबदल होतांच स्टिअरिंग शांत झालें, आणि थरथर बैठकीखालून येऊं लागली. दोष चाकांबरोबर मागें गेला. आतां प्रश्न उरला तो असा: तीनदां तोल केलेल्या चाकांना तोल कां नाहीं?

तोल हा शब्द आपल्या ओळखीचा असला तरी येथें त्याचें गणित थोडें निराळें आहे. चाकाच्या कडेवर एके जागीं ३० ग्रॅम, म्हणजे पोह्याच्या मुठीएवढें, वजन जास्त असेल तर ३० मैलांच्या वेगाला तें चाकाला सुमारें एक किलोच्या जोरानें बाहेर ओढतें. वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो. ६० मैलांवर चार किलो. हा चार किलोंचा हिसका सेकंदांत चौदा वेळां. पुन्हां, पुढचें चाक, त्याची स्प्रिंग व स्टिअरिंगचे सांधे यांची स्वतःची अशी एक डुलण्याची गति असते, जशी झोपाळ्याची. झोपाळ्याला त्याच्या तालांत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. ताल सोडून कितीही धक्के दिले तरी जात नाहीं. या गाडीचा ताल ६० ते ६५ मैलांच्या दरम्यान चाकाच्या फेऱ्यांशीं जुळतो. म्हणून ७० मैलांवर जोर अधिक असूनही कंप कमी.

भाचा चाकें घेऊन पुन्हां त्याच तोलाच्या दुकानीं गेला. आम्हीही बरोबर होतों. तेथील तरुणानें चाक यंत्रावर चढविलें, फिरविलें, शिशाचा एक तुकडा लावला, पुन्हां फिरविलें. यंत्रावर शून्य आलें. “पाहा, शून्य,” असें तो म्हणाला. त्याचें यंत्र खोटें नव्हतें आणि माणूसही प्रामाणिक होता. आम्हीं भाच्याकरवीं त्याला एवढीच विनंति केली कीं, चाक सैल करून यंत्रावर अर्धा फेरा वळवावें, पुन्हां आवळावें आणि पुन्हां फिरवून पाहावें. त्यानें हंसत हंसत तसें केलें. आंकडा आला ३५ ग्रॅम! चाक तेंच, तुकडा तोच, यंत्र तेंच. बदलली ती केवळ चाकाची बैठक. म्हणजे पहिलें शून्य हें चाकाचें नव्हतेंच, तें चाक व वांकडी बैठक या दोहोंच्या बेरजेचें होतें.

कारण असें. तारांच्या चाकाचा तुंबा गाडीवर दोन उतरत्या कडांमध्यें धरला जातो: आंतून आंसाच्या टोंकावरील एक शंकु, आणि बाहेरून नटाचा दुसरा शंकु. या दोहोंमध्यें दाबला जाऊन तो बरोबर मध्यावर येतो. आजकालच्या चाकांसाठीं केलेल्या यंत्रावर आंतून एक शंकु व बाहेरून सपाट वाटी, अशी धरण्याची रीत असते. त्यावर जुनें चाक केसभर एकीकडे सरकून बसतें, आणि यंत्र इमानें इतबारें त्या सरकण्याचाच तोल करून देतें. प्रमाण चोख, पण ज्या पक्षावर तें लावावयाचें तोच जागेवर नाहीं. न्यायशास्त्र शिकतांना आम्हांस हेत्वाभासांचीं उदाहरणें रुक्ष वाटत. असें एखादें चाक गुरुजींनीं पाठशाळेंत आणलें असतें तर विद्यार्थी कधीं विसरले नसते. ही अर्ध्या फेऱ्याची परीक्षा कोणत्याही गाडीच्या चाकाला लागू आहे. आपल्या पुण्या-मुंबईच्या द्रुतगति मार्गावर ज्यांची साधी घरगुती गाडी नव्या टायरांनंतरही थरथरते, त्यांनीं ती अवश्य करून पाहावी. तिला वेगळे पैसे पडत नाहींत.

मग जुन्या चाकांचें काम करणारा एक म्हातारा कारागीर शोधून काढला. त्याच्याजवळ दोन्ही बाजूंचे योग्य शंकु होते. त्यानें तोलाआधीं चाक फिरवून कडेशीं एक सुई धरली. कडा सुईच्या जवळ येई व दूर जाई. आपल्याकडे सायकलवाले ज्याला चाकाचा आउट काढणें म्हणतात, तेंच त्यानें अर्धा तास बसून केलें: एक तार ढिली, समोरची घट्ट, पुन्हां फिरव, पुन्हां पाहा. वांकड्या चाकाचा तोल करणें म्हणजे वांकड्या भिंतीला रंग देणें, असें त्याचें मत दिसलें. बोलला मात्र फार थोडें. त्यानंतर तोल केला, अर्धा फेरा वळवून पुन्हां पाहिला, आणि दोन्ही वेळां शून्याच्या आसपास आंकडा आला.

त्या सायंकाळीं ६२ मैलांवर स्टिअरिंग स्थिर राहिलें. आरशांतल्या मोटारींच्या नंबरपाट्या वाचतां येऊं लागल्या. परंतु मोठा गोंगाट थांबला कीं लहान आवाज ऐकूं येतात, तसें झालें. तळांतून एक खोल गुणगुण येत होती. हातांना ती जाणवत नव्हती, कानाला व पायाच्या तळव्यांना जाणवत होती. भाचा म्हणाला, “मामा, हें इंजिन. गॅरेजवाला अगदींच खोटें सांगत नव्हता.”

ही शंका मात्र विचार करण्याजोगी होती, आणि सर्व शोधांत आम्हांस गोड वाटला तो हाच भाग. चार सिलिंडरांच्या इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास दोन स्फोट होतात. ५५ फेऱ्यांस ११०. त्याच्या पिस्टनांच्या हालचालीमुळें जो स्वाभाविक कंप असतो तोही फेऱ्यास दोनदां. आणि लांब दांड्याच्या सांध्यांचा स्वभावही फेऱ्यास दोनदां पीडा देण्याचा आहे. म्हणजे चौथ्या गिअरमध्यें तिघांचाही सूर एकच, सेकंदास ११० आंदोलनांचा. येथें सूर हा हेतु अनैकांतिक झाला. तो इंजिनाकडेही बोट दाखवितो आणि दांड्याकडेही. कितीही सूक्ष्म यंत्र आणलें तरी या स्थितींत तें दोघांस वेगळें करूं शकणार नाहीं.

पण ओव्हरड्राइव्ह करूं शकते. तिच्या योगानें इंजिन ४५ फेऱ्यांवर येतें, त्याचा सूर ९० वर उतरतो. दांडा मात्र ५५ वरच, त्याचा सूर ११०. म्हणून दुसऱ्या दिवशीं भाचेसुनेला शेजारीं बसविलें. तिचें काम डोळे मिटून ऐकण्याचें. ६० मैलांवर वेग स्थिर झाल्यावर भाच्यानें कळ दाबली. ती परत आल्यावर म्हणाली, “इंजिन षड्जावरून खालच्या धैवताच्या आसपास उतरलें. पण गुणगुण जागची हलली नाहीं. उलट आतां ती वेगळी निघून स्पष्टच ऐकूं आली.” गणितानें ११० वरून ९० हें अंतर काढलें तर तें जवळजवळ धैवताचेंच भरतें. जिनें त्या गाडींत पुन्हां पाऊल टाकावयाचें नाहीं असा पण केला होता, तिच्याच कानानें इंजिनाची सुटका केली.

दांड्याच्या दोन्ही टोंकांस जे फिरते सांधे असतात, त्यांना हूक या सतराव्या शतकांतील इंग्रज पंडिताचें नांव आहे. सोळाव्या शतकांतील इटालियन कार्दानो याचेंही नांव त्यांना लावतात. अशा सांध्यांतून थोडा कोन करून गति पुढें पाठविली तर ती सरळ उतरत नाहीं. एका फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होते. दुसऱ्या टोंकाचा सांधा बरोबर उलट वागून हा दोष फेडतो. मात्र त्यासाठीं दांड्याच्या दोन्ही टोंकांचे चिमटे एका पातळींत असले पाहिजेत. दांडा मध्यें सरकता, दांत्यांनीं जोडलेल्या दोन तुकड्यांचा असतो. जोडतांना एक-दोन दांते चुकले तर चिमटे तिरपे होतात आणि दुसरा सांधा दोष फेडावयाच्या ऐवजीं त्यांत भर घालतो. असें न व्हावें म्हणून दोन्ही तुकड्यांवर बाणाच्या खुणा केलेल्या असतात.

गाडी चारी बाजूंनीं भक्कम आधारांवर ठेवून भाचा खालीं शिरला. वर्षानुवर्षांचें तेल व माती खरवडल्यावर बाण सांपडले: एक इकडे, दुसरा तिकडे. पूर्वींच्या कोणा मालकाच्या वेळीं गिअरपेटी उतरविली असावी आणि परत बसवितांना कोणी खुणेकडे पाहिलें नसावें. दांडा काढून, सांधे हातानें हलवून त्यांत खटका नाहीं हें पाहून, बाणासमोर बाण आणून तो पुन्हां बसविला. खर्च थोड्या ग्रीजचा. ६० मैलांवर आतां जो आवाज उरला आहे तो कळ दाबली कीं सबंधच खालीं उतरतो. तो इंजिनाचा आपला स्वतःचा, पन्नास वर्षांच्या यंत्राला शोभेसा.

चाकें सरळ करणाऱ्या त्या म्हाताऱ्यानें जातां जातां आणखी एक गोष्ट दाखविली होती. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २००० सालापासूनची ही पद्धत आहे. मागच्या दोन्ही टायरांवर २००९ सालचे आंकडे निघाले. वरची नक्षी अगदीं नव्यासारखी, कारण अशा गाड्या वर्षाकांठीं हजारएक मैलांपलीकडे चालत नाहींत. रबर मात्र उभ्या उभ्याही म्हातारें होतें आणि बारीक भेगा आंतल्या बाजूस आधीं पडतात. ते दोन टायर भाच्यानें त्याच आठवड्यांत बदलले, आणि चाकें यंत्रावर अर्धा फेरा वळवून पुन्हां फिरवून दाखविल्याशिवाय दुकानदारास पैसे दिले नाहींत.